मुरगळलेल्या घोट्याचं पुढचं वर्ष

चि. भाचीस,


एक्स-रे स्वच्छ आला, हाड शाबूत आहे, असं तुझ्या बाबांनी कळवलं. रिबाउंडसाठी उडी मारायची आणि उतरताना दुसरीच्या बुटावर पाय पडायचा, ही बास्केटबॉलमधली घोटा मुरगळण्याची अगदी ठरलेली रीत. पाऊल आत वळतं, सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. असे तीन अस्थिबंध तिथे असतात. त्यांतला पुढचा सगळ्यांत कमजोर, त्यामुळे बहुतेक वेळा पहिला तोच फाटतो.

तुझे कोच म्हणतात, ब्रेस लावला की घोटा आळशी होतो. मैत्रीण म्हणते, मेडिकलमधून अँकलेट आण आणि सोमवारपासून खेळ. दोघांचंही चुकतंय, फक्त उलट्या दिशांनी.

आधी मैत्रिणीचं बघू. औषधाच्या दुकानात काउंटरच्या मागे टांगलेली ती अंगाच्या रंगाची ताणणारी पट्टी घोट्यावर चढते, ऊब देते, थोडी सूज दाबते आणि आपण काहीतरी केलं याचं समाधान देते. पाऊल आत वळायला लागलं तर ती त्याला अडवत मात्र नाही. इंग्लंडमधल्या आठ रुग्णालयांत, घोटा जबर मुरगळून आलेल्या ५८४ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि २००९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तीन महिन्यांनी पाहिलं, तेव्हा नळीसारखी ताणपट्टी लावलेल्यांपेक्षा दहा दिवस गुडघ्याखाली प्लास्टर घातलेले जास्त सुधारले होते. दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेल्या ब्रेसनेही घोट्याचं काम ताणपट्टीपेक्षा चांगलं झालं होतं. नऊ महिन्यांनी मात्र सगळे सारखेच. म्हणजे घोटा शेवटी भरून येतोच, पण सुरुवातीचे आठवडे नीट आधार मिळाला की चालणं-फिरणं लवकर रुळावर येतं. तुझा घोटा इतका जबर मुरगळलेला नाही, त्यामुळे प्लास्टरचा प्रश्नच नाही. पण खेळायला उतरताना ताणपट्टीवर विसंबू नकोस.

खेळासाठी ब्रेस घ्यायचा तो नाडीचा. पुढे बुटासारख्या नाड्या असतात आणि त्यावरून दोन पट्टे इंग्रजी आठच्या आकारात घोट्याला वेढतात. त्यात पाऊल वर-खाली हलतं, त्यामुळे उडी मारता येते. आत-बाहेर वळणं तेवढं रोखलं जातं. चिकटपट्टीने घोटा बांधणं, म्हणजे टेपिंग, हेही चांगलंच आहे. पण खेळ सुरू झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत ती पट्टी सैल पडायला लागते, दर वेळी बांधून द्यायला हात लागतो आणि वर्षभराचा खर्च ब्रेसच्या वर जातो. ब्रेस टाइमआउटमध्येसुद्धा पुन्हा आवळता येतो.

आता कोचचं म्हणणं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शाळांतल्या १,४६० बास्केटबॉल खेळाडूंचे दोन गट करण्यात आले. एकाने पूर्ण हंगाम नाडीचा ब्रेस लावला, दुसऱ्याने नाही. २०११ मध्ये निकाल छापून आला. दर हजार सराव-सामन्यांमागे घोट्याच्या दुखापतींचं प्रमाण ब्रेसवाल्यांत ०.४७, तर बिनब्रेसवाल्यांत १.४१ होतं. एकाला तीन! गुडघ्याच्या दुखापतीही वाढल्या नाहीत, आणि तीच भीती कोचमंडळींना जास्त असते. ब्रेसने स्नायू सुस्तावतात का, हेही तपासून झालंय. आठ आठवडे ब्रेस वापरल्यानंतर नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू धक्क्याला तितक्याच वेगाने उत्तर देत होता. कोचना हे सांगताना आवाज नम्र ठेव, पण सांग.

ब्रेसची बाजू फार ताणू नये म्हणून विस्कॉन्सिनच्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्षही सांगते. ब्रेस असूनही ज्यांचा घोटा मुरगळला, त्यांची दुखापत इतरांइतकीच गंभीर होती. दुखापतीची शक्यता ब्रेस कमी करतो, झालेली दुखापत सौम्य करत नाही.

तुझ्यासाठी सगळ्यांत कामाची चाचणी हॉलंडची आहे, कारण त्यातले सगळे तुझ्यासारखेच होते: नुकताच घोटा मुरगळलेले खेळाडू, एकूण ३८४. एका गटाने आठ आठवडे घरी तोल सांभाळायचे व्यायाम केले. दुसऱ्याने खेळताना दर वेळी ब्रेस लावला, सलग वर्षभर. तिसऱ्याने दोन्ही केलं, पण आठच आठवडे. वर्षाच्या आत घोटा पुन्हा मुरगळलेले व्यायामवाल्यांत २७ टक्के, दोन्ही करणाऱ्यांत १९ टक्के आणि ब्रेसवाल्यांत १५ टक्के निघाले. माझ्या मते यात जिंकलं ते वर्षभर टिकून राहणं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका पहिल्या वर्षात फार असतो, आणि आपल्याकडे दुखणं थांबलं की ब्रेस माळ्यावर जातो.

म्हणून व्यायाम सोडायचा, असं मात्र नाही. अस्थिबंध फाटतो तेव्हा पाऊल कुठे आणि कसं आहे हे मेंदूला कळवणारी यंत्रणाही बिघडते. दुखणं गेलं तरी ही खबर उशिराच पोहोचत राहते. ती दुरुस्त करायला सोपा उपाय आहे: दात घासताना एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गोधडीवर, मग समोरच्याने फेकलेला बॉल झेलत. हे सगळं ब्रेस काढून, अनवाणी. टाचा उचलण्याचा व्यायामही एकेका पायावर कर.

स्टीफन करीचं नाव तुझ्या भिंतीवरच आहे. त्याच्या उजव्या घोट्यावर मे २०११ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. २०११-१२ च्या हंगामात ६६ पैकी २६ सामनेच त्याला खेळता आले. त्यानंतर तो दोन्ही घोट्यांना ब्रेस लावून खेळला आणि सोबत कंबर-मांड्यांची ताकद वाढवायला वजनं उचलत राहिला. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं एनबीएच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने मिळवला. पोस्टरमध्ये त्याचे घोटे नीट बघ.

घाई चालत नाही याचं उदाहरण तर आपल्या पुण्यातलं आहे. १९ ऑक्टोबर २०२३ ला गहुंज्यात बांगलादेशाविरुद्ध हार्दिक पंड्या स्वतःच्याच गोलंदाजीवर आलेला फटका पायाने अडवायला गेला आणि त्याचा डावा घोटा दुखावला. त्या षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. विश्वचषक घरच्या मैदानांवर, डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला, हवा तो ब्रेस हाताशी; तरीही ४ नोव्हेंबरला त्याला स्पर्धेतून बाहेर काढावं लागलं. तो मैदानात परतला थेट २०२४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस. तुझ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा यापेक्षा मोठ्या नाहीत, हे रागावून का होईना, मान्य कर.

कधी उतरायचं, हे तारखेवर ठरत नाही. आधी न लंगडता चालणं, मग सरळ धावणं, मग दिशा बदलत धावणं, मग दुखऱ्या पायावर एकट्याने उड्या. दुखरा पाय चांगल्या पायाची बरोबरी करायला लागला की सामना. त्याआधी ब्रेस आवळून उतरणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

आजीने मालीशवाल्याचं नाव काढलंय, हे कळलं. तिला दुखवू नकोस, हळदीचा लेप लावू दे. पण सूज असेपर्यंत जोरात चोळणं, पाय ओढून ‘बसवणं’ अजिबात नको. संघातल्या मुलींनाही एक सांगून ठेव. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये बसवलेली ही पारख जगभरच्या तातडीच्या विभागांत वापरली जाते.

ब्रेस पातळ सुती मोज्यावरून चढवायचा. टाच मागे नीट बसवून, पाऊल काटकोनात ठेवून मगच नाड्या आवळायच्या. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती निळसर पडली, तर सैल कर. झोपताना काढ. घामाचा ब्रेस तसाच बॅगेत कोंबलास तर पावसाळ्यात कातडीला खाज सुटेल. साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळव. आणि आजोबा मागतील तरी त्यांना तुझा देऊ नकोस. त्यांना मधुमेह आहे, पावलांना स्पर्श कमी कळतो. पट्टा रुतला तरी त्यांना समजणार नाही.

सूज उतरल्यावरच माप द्यायला जा. खेळायचे बूट आणि मोजे बरोबर ने, ब्रेस घालून बुटात पाय जातो का ते दुकानातच बघ. जात नसेल तर अर्धा नंबर मोठे बूट घे. पैसे मी पाठवते.

तुझी,
आत्या