पाळीव कोळ्यांची सुटका व पुनर्वसन

जुलै २०२१ मध्ये चेन्नई येथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेले एक पार्सल उघडले. त्यात रुपेरी कागद व कापूस यांत गुंडाळलेल्या १०७ लहान कुप्या होत्या व प्रत्येक कुपीत एकेक जिवंत कोळी होता. हे कोळी मेक्सिको व मध्य-दक्षिण अमेरिकेतील टॅरंट्युला असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. आयातीचा परवाना नसल्यामुळे ते पोलंडला परत पाठविण्याचे ठरले.

हे कोळी जवळच्या रानात का सोडले नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. परक्या हवामानात असा प्राणी बहुधा मरतो. जगलाच, तर स्थानिक कीटकांवर उपजीविका करून तेथील समतोल बिघडवू शकतो. म्हणून सुटका म्हणजे मोकळे सोडणे नव्हे, तर जाणत्या व्यक्तीच्या हाती सोपविणे होय.

कोळ्याला हलविताना त्याच्या शरीररचनेचे भान ठेवावे लागते. त्याच्या उदराची त्वचा पातळ असते. थोड्या उंचीवरून पडला तरी ती फाटून रक्तस्रावाने तो मरतो. यास्तव त्यास हातात न घेता मऊ कुंचल्याने हळूच डब्यात सरकवावे. कोळी एकमेकांस खातात, म्हणून प्रत्येकास स्वतंत्र डबा द्यावा. कात टाकताना टॅरंट्युला उताणा पडतो. तो मेला असे समजून त्यास हात लावू नये. नवे दात कठीण होईपर्यंत त्यास भक्ष्यही देऊ नये. अमेरिकेतील अनेक जाती अंगावरील केस उडवितात व त्यांमुळे डोळ्यांची आग होते. मादी दहा वर्षांहूनही अधिक काळ जगू शकते. तेव्हा सांभाळणाऱ्याने दूरचा विचार करावयास हवा.

भारत व श्रीलंका येथेच आढळणाऱ्या पीसिलोथेरिया या प्रजातीचे काही कोळी सह्याद्रीतील झाडांच्या ढोलींत राहतात. त्यांच्या अंगावर तसे केस नसतात. मात्र त्यांचा दंश फार वेदनादायक असतो. शौकिनांच्या मागणीमुळे या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून निर्बंध आहेत. आपल्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ रोजी अमलात आली. तीनुसार अनुसूचित परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करणे आवश्यक आहे. असा कोळी बेवारस आढळल्यास तो झाकणाच्या, हवेशीर डब्यात ठेवून वनविभागास कळवावे. ढोलीतील कोळी मात्र ढोलीतच राहू द्यावा; त्यास सुटकेची गरजच नसते.