जंभेरीची जादू

अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शेंदूरजनाघाट नावाचे गाव आहे. गावाभोवती संत्र्यांच्या बागा आहेत आणि संत्र्यांची कलमे तयार करणाऱ्या रोपवाटिकाही आहेत. अशाच एका रोपवाटिकेत माळ्याने थंडीच्या आरंभी जंभेरीचे बी पेरले. जंभेरी हे लिंबाच्या कुळातील झाड. त्याचे फळ खडबडीत आणि अतिशय आंबट असते.

वाफ्यातील रोपे हळूहळू वाढू लागली. त्यांतील एक रोपटे मात्र सदा खिन्न असे. कुंपणापलीकडे संत्र्याची बाग होती. तिच्याकडे पाहून ते मनाशी म्हणे, "माझ्या वाट्याला काय आले? काटे आणि आंबटपणा! कोणी जादू करून मला संत्रे केले, तर किती बरे होईल!"

पावसाळ्याच्या तोंडाशी एके रात्री एक काजवा त्याच्या पानावर येऊन बसला.

"काजवेदादा, तुमच्या दिव्यात जादू आहे ना? मला संत्रे करा!" रोपटे म्हणाले.

काजवा हसून म्हणाला, "बाळ, हा दिवा माझ्याच पोटात उजळतो. तो दुसऱ्याला कसा देऊ?"

रोपट्याने वाऱ्याला विचारले. वारा म्हणाला, "मी फुलांचा सुगंध गावभर नेतो खरा, पण तो निर्माण करणे माझ्या हाती नाही."

शेवटी त्याने पाटाच्या पाण्याला विचारले. पाणी म्हणाले, "मी तर नुसते उताराने वाहतो. तुझ्या शेंड्यापर्यंत मी चढतो ते कोणाच्या बळावर? तुझ्या मुळांना विचार."

मुळे! अंधारात, मातीत राहणारी ती मुळे रोपट्याला कधी आठवलीच नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात रोपट्याचे खोड पेन्सिलीएवढे जाड झाले. एके सकाळी माळी धारदार चाकू घेऊन आला. जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याने रोपट्याची साल चिरली, संत्र्याच्या फांदीवरून काढलेला एक इवलासा डोळा त्या चिरेत बसवला आणि वरून घट्ट पट्टी बांधली.

रोपटे कळवळले. इतक्यात पट्टीआडून क्षीण आवाज आला, "मी संत्र्याचा डोळा आहे. आईपासून तुटून आलो आहे. मला मुळे नाहीत. तू अन्नपाणी दिले नाहीस, तर मी चार दिवसांत सुकून जाईन."

रोपट्याला राग आला. "याच्यासाठी माझे अंग चिरले! सुकू दे याला!" असे त्याच्या मनात आले. पण रात्री त्याला पाण्याचे शब्द आठवले. जादू मागत आपण दारोदार फिरलो. आज प्रथमच कोणी आपल्यापाशी मागत आहे! त्याने मुळांना हाक मारली. मुळांनी ओल शोषली, रस वर चढला आणि डोळ्यापर्यंत पोहोचला.

काही दिवसांनी माळ्याने पट्टी सोडली. डोळा हिरवागार होता! माळ्याला आनंद झाला. पण त्याने रोपट्याचा काटेरी शेंडा डोळ्याच्या वरच्या बाजूस छाटून टाकला.

"आता माझे म्हणून काय उरले?" रोपटे हुंदका देऊन म्हणाले.

खालून उत्तर आले, "आम्ही उरलो आहोत."

डोळ्याला अंकुर फुटला, अंकुराची फांदी झाली. पावसाळ्यात एका शेतकऱ्याने ते कलम विकत नेऊन आपल्या शेतात लावले. तिसऱ्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. विहिरीचे पाणी तळाला गेले. संत्र्याची पाने कोमेजली. "आता आपण वाचत नाही," फांद्या म्हणाल्या.

"धीर धरा," जंभेरी म्हणाली आणि तिने काळ्या मातीत आपली मुळे आणखी खोल घातली. तेथे थोडी ओल होती. ती तिने थेंबथेंब वर पाठवली. पाऊस येईपर्यंत झाड तगले.

पाचव्या वर्षी झाडाला पहिली फळे आली. शेतकऱ्याच्या नातीने एक संत्रे सोलून फोड तोंडात टाकली.

"आबाजी, किती गोड आहे हे!"

आजोबांनी खोडाच्या तळाशी असलेल्या सांध्यावर बोट ठेवले. "हे पाहा बाळ, या सांध्याच्या वर संत्रे आहे आणि खाली जंभेरी."

"मग जंभेरीचे फळ कुठे आहे?"

"तिला आता फळ येत नाही. फळाची गोडी संत्र्याच्या डोळ्याची. पण त्या डोळ्याला जगवले, वाढवले आणि दुष्काळात तारले ते जंभेरीने."

मुलीने ओंजळभर पाणी आणून झाडाच्या बुंध्याशी घातले. मातीखाली मुळे हलकेच शहारली. संत्रे व्हावे, अशी इच्छा आता जंभेरीच्या मनात उरली नव्हती.

शब्दार्थ : खिन्न – उदास. क्षीण – अशक्त. तगणे – टिकून राहणे. डोळा – फांदीवरील अंकुर फुटण्याची जागा. सांधा – जोडलेली जागा.

प्रश्न
१. काजवा, वारा व पाणी यांनी रोपट्याला कोणती उत्तरे दिली?
२. डोळ्याला सुकू द्यावे, असे रोपट्याला का वाटले? त्याचे मन कशाने बदलले?
३. 'आम्ही उरलो आहोत' हे वाक्य कोणी, कोणाला व केव्हा म्हटले?
४. तुमच्या गावातील झाडांची कलमे कशी करतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.