मुंबई मॅरेथॉन बघायला जाताय? बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरकरांसाठी खर्चाचा हिशेब

मॅरेथॉन बघायला तिकीट नसतं, पास नसतो, नावनोंदणीही नसते. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या, एवढंच. त्यामुळे ‘व्हीआयपी स्टँडचा पास मिळवून देतो’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला तर पैसे पाठवू नका. शेवटच्या रेषेजवळचे मंडप निमंत्रितांचे असतात, विकत मिळत नाहीत. ‘ड्रीम रन’ या छोट्या हौशी धावेचा ‘एक नंबर शिल्लक आहे, घेता का?’ हेही ऐकू येईल. धावण्याचा क्रमांक दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तेही पैसे बुडीतच समजा.

टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. २०२५ मध्ये १९ जानेवारीला झाली, २०२६ मध्ये १८ जानेवारीला. हौशी धावपटूंची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, पहाटे पाचच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. अर्धी मॅरेथॉन गेली काही वर्षं माहीमहून, तीही पहाटेच. देशोदेशीचे अव्वल धावपटू सातनंतर सुटतात, ज्येष्ठ नागरिक आणि ड्रीम रन त्यानंतर. मार्ग आणि वेळा दरवर्षी थोड्या बदलतात. नकाशा आणि वाहतूक पोलिसांची सूचना आधीच्या आठवड्यात येते. ती वाचल्याशिवाय कुठे उभं राहायचं हे ठरवू नका.

शनिवारी मुक्काम करायचा का?

बहुतेकांना गरज नाही. हाच या सहलीतला सगळ्यात मोठा खर्च आहे आणि तोच सहज टळतो. मुक्काम तीनच कारणांसाठी करा: घरचं कुणी पहाटे पाचच्या शर्यतीत धावत असेल, सोबत पहाटेचा प्रवास न झेपणारं वयस्कर माणूस असेल, किंवा रविवार रात्रीपर्यंत मुंबईतच फिरायचं असेल.

राहायचंच असेल तर फोर्ट, बोरा बाजार, क्रॉफर्ड मार्केट हा पट्टा पाहा. सीएसएमटीला चालत जाता आलं पाहिजे, कारण रविवारी पहाटे दक्षिण मुंबईतले बरेच रस्ते बंद असतात आणि टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही. साध्या दुहेरी खोलीला दोन-अडीच हजार ते साडेचार हजार धरून चला. मॅरेथॉनच्या शनिवारी आकडा वर सरकतो, त्यामुळे डिसेंबरातच नोंदणी करा आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे लेखी घ्या.

फोनवर सांगितलेल्या भाड्यात सगळं येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. तीन हजारांच्या खोलीवर दीडशे रुपये. जुन्या सवयीने कुणी १२ टक्के लावले तर विचारा. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर कर द्यायचाच नाही. जादा गादीचे पैसे वेगळे असतात, ते आधी ठरवा. चेक-आउट किती वाजता हेही विचारा. ‘चोवीस तास’ आणि ‘दुपारी बारा’ यांत फरक आहे. काही ठिकाणी दहालाच खोली रिकामी करायला लावतात, आणि दहाला तुम्ही मरीन ड्राइव्हवर असाल. बॅगा काउंटरवर ठेवू देतात का? फुकट? हे शनिवारी खोलीत शिरण्याआधी विचारायचं. प्रत्येक प्रौढ माणसाचं मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा.

सीएसएमटीच्या रेल्वे विश्रामगृहाचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. तिथल्या खोलीसाठी लांब पल्ल्याच्या तिकिटाचा पीएनआर लागतो, लोकलचं तिकीट किंवा पास चालत नाही. स्थानकातले स्लीपिंग पॉड हा एकट्या माणसाला परवडणारा पर्याय आहे. चौघांच्या कुटुंबाला नाही.

पहाटेची गाडी

रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, हे रोज अप-डाउन करणाऱ्यांनाही आठवण करून द्यावं लागतं. तुमची रोजची ६.१२ रविवारी असेलच असं नाही. वातानुकूलित लोकलच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. वेळ शनिवारी रात्री ॲपवर तपासा, कारण रात्रीच्या कामांमुळे पहिल्या गाड्या कधीकधी रद्द होतात.

पाचची सुरुवातच बघायची असेल तर कर्जतकडून येणारी मध्यरात्रीनंतरची पहिली लोकल पकडा. मध्य रेल्वेने गेल्या काही वर्षांत मॅरेथॉनच्या दिवशी कल्याणहून पहाटे तीनच्या सुमारास खास लोकलही सोडली आहे. तिची घोषणा आदल्या दोन-चार दिवसांत होते. ती गाठायची तर कल्याणपर्यंत रिक्षा लागेल, आणि खरी लूट इथे होते. मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे, आणि मध्यरात्र ते पहाटे पाच सव्वापट. या हिशेबाने उल्हासनगर स्टेशनपासून कल्याणला सव्वाशेच्या आत, अंबरनाथहून दोनशेच्या आसपास, बदलापूरहून सव्वातीनशेच्या आसपास व्हायला हवेत. आपल्याकडे मीटर कुणी टाकत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण हा आकडा डोक्यात असला तर घासाघीस कुठून सुरू करायची ते कळतं. रिक्षा शनिवारी संध्याकाळीच ओळखीच्या चालकाकडे सांगून ठेवा. पहाटे अडीचला स्टँडवर उभं राहून भाव ठरवणाऱ्याचा भाव नेहमी जास्त असतो.

धावणारं कुणी ओळखीचं नसेल तर एवढा खटाटोप करू नका. बदलापूरहून साडेपाच ते सहाच्या दरम्यानची लोकल पुरे. सीएसएमटीपर्यंत जलद गाडीला दीड तास आणि वर थोडा, धिमीला पावणेदोन तास आणि वर. उल्हासनगरला कॅम्प एकच्या बाजूला राहत असाल तर शहाड जवळ पडतं. तुम्ही कसारा मार्गाचं वेळापत्रक पाहा.

दुसऱ्या वर्गाचं जाऊन-येऊन भाडं माणशी चाळीस रुपयांच्या आसपास. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. पास असेल तर तो कुठपर्यंतचा आहे ते बघा. ठाणे किंवा घाटकोपरपर्यंतचा असेल तर पुढचं तिकीट घरून निघतानाच काढा. मध्य रेल्वेचा पास दादरहून चर्चगेटकडे चालत नाही. ही चूक पासवाले हमखास करतात, आणि दंड किमान अडीचशे रुपये अधिक भाडं. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. आत शिरल्यावर नेहमीच्या पद्धतीने निघत नाही. एका दिवसाचं पर्यटक तिकीटही मिळतं. मध्य आणि पश्चिम दोन्हींवर दिवसभर कितीही फिरा. नुसतं जाऊन यायचं असेल तर ते महाग पडतं. दादर, मरीन लाइन्स, पुन्हा दुसरीकडे, अशा चार-पाच उड्या मारणार असाल तरच घ्या.

कुठे उभं राहायचं

सीएसएमटीला उतरू नका, दादरला उतरा. सीएसएमटीसमोर तुम्हाला अडथळ्यांचे पत्रे आणि माणसांची डोकी दिसतील. दादर पश्चिमेला उतरून, फुलबाजाराची गर्दी ओलांडून, रानडे रोडने शिवाजी पार्क पंधरा-वीस मिनिटांत येतं. पूर्ण मॅरेथॉनवाले सी लिंकवरून वांद्र्याकडे जाऊन माहीम, शिवाजी पार्क, सिद्धिविनायक असे दक्षिणेला परततात. त्यांची पंचवीसेक किलोमीटरची मजल इथे झालेली असते. चेहरे जवळून दिसतात आणि सोसायट्यांमधली मंडळी संत्री, चिक्की, मीठ घेऊन उभी असतात. पाचला सुटलेले हौशी धावपटू सात ते आठच्या दरम्यान इथून जातात. अव्वल धावपटू साडेआठच्या आसपास, आणि ते अक्षरशः दोन मिनिटांत निघून जातात. पाणी आणायला गेलात तर हुकले.

सी लिंकवर प्रेक्षकांना प्रवेश नाही, कितीही ओळख असली तरी. पेडर रोडचा चढ हा दर्दी लोकांचा अड्डा. शेवटच्या सात-आठ किलोमीटरमध्ये पाय गळालेली माणसं तिथे चढतात. पण पोहोचायला अवघड आणि बसायला जागा नाही, म्हणून लहान मुलं असतील तर टाळा.

नऊच्या आत दुसरं ठिकाण गाठायचं असेल तर दादर पश्चिमेहून धिमी लोकल पकडून मरीन लाइन्सला उतरा, वीस-बावीस मिनिटं लागतात. या मॅरेथॉनमधला पुरुषांचा विक्रम हायले लेमीचा आहे, २०२३ मधला, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद. सव्वासात-साडेसातला सुटलेला विजेता साडेनऊच्या आसपास रेषेपाशी असतो. दहाला मरीन ड्राइव्हवर पोहोचणाऱ्याला विजेता दिसत नाही. चार-पाच तासांत पूर्ण करणारे सामान्य धावपटू मात्र भरपूर दिसतात, आणि माझ्या मते बघण्यासारखे तेच.

मेट्रो ३ सुद्धा कामाची आहे: सिद्धिविनायक, वरळी, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी सगळं एका मार्गावर. भाडं अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. रविवारची पहिली गाडी किती वाजता ते आदल्या दिवशी पाहा आणि तिकीट जमिनीवर असतानाच काढा, खाली मोबाइलच्या नेटवर्कची खात्री नाही. बसवर विसंबू नका, मार्ग वळवलेले असतात. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, पण बंद रस्त्यांना वळसा घालून ते सहज तिप्पट होतं. रिक्षा माहीम-शीवच्या पुढे दक्षिणेला नाहीतच.

स्वतःची गाडी नेऊ नका. भाड्याची केलीत तर बदलापूरहून एका बाजूचे पंधराशे ते अडीच हजार जातील आणि चालक तुम्हाला बंद रस्त्याच्या अलीकडेच सोडेल. तरी केलीत तर बिलात ‘टोल’ बघा. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल माफ आहे. मुलुंड-ऐरोलीच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

धावपटू तुमच्या घरचा असेल तर दोन जादा गोष्टी. त्याचा क्रमांक रविवारी मिळत नाही, आधीच्या गुरुवार ते शनिवारात बीकेसीला जाऊन ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. म्हणजे एक वेगळी फेरी: कुर्ल्याला उतरा, पश्चिमेहून बस घ्या, शेअर रिक्षावाल्याला बसण्याआधी माणशी भाव विचारा. आणि शर्यतीनंतर भेटण्याची जागा आधीच ठरवा. ‘सीएसएमटीला भेटू’ पुरेसं नाही. ‘महापालिकेसमोरच्या भुयारी मार्गाच्या अमुक दारापाशी’ असं ठरवा. अधिकृत ॲपवर धावपटू कुठे आहे ते दिसतं, पण ठरावीक टप्प्यांवरच, त्यामुळे तो पाच-दहा मिनिटं पुढेच असतो असं समजा.

खाणं, पाणी, कपडे

बदलापूरला पहाटे स्वेटर लागतो, दहाला मरीन ड्राइव्हवर तोच स्वेटर ओझं होतो. अंगात एकावर एक पातळ कपडे, डोक्याला टोपी. पाणी घरून न्या. विकत घेतलंत तर स्थानकावर लिटरभर रेल नीर १४ रुपयांना आहे, वीसची नोट देऊन सहा रुपये परत मागा. शिवाजी पार्कजवळ ‘आस्वाद’ आणि ‘प्रकाश’ आहेत, पण त्या रविवारी रांग लागते, आणि रांगेत शर्यत निघून जाते. आधी शर्यत, मग मिसळ. सीएसएमटीसमोर ‘आराम’चा वडापाव स्वस्त आणि उभ्याने होतो. मोठ्या हॉटेलात बिलावर ‘सेवा शुल्क’ लावलं असेल तर ते ऐच्छिक आहे, काढायला सांगा. काढत नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

चौघांचा एका दिवसाचा ढोबळ हिशेब: गाड्या दोनशे-अडीचशे, मेट्रो किंवा टॅक्सी दोनशे, नाश्ता पाचशे, जेवण हजार-बाराशे. दोन हजार खिशात ठेवा. मुक्काम धरला तर हाच आकडा सहा-सात हजारांवर जातो.

परतीला मेगाब्लॉक असू शकतो हे विसरू नका. रविवारी मुख्य मार्गावर तो साधारण साडेदहा-अकराला सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. जलद गाड्या धिम्या मार्गावर येतात, उशीर होतो, आणि कल्याणच्या पुढे गाड्या मुळातच कमी. शर्यत संपल्या संपल्या सीएसएमटीकडे धावलात तर या गर्दीत सापडाल. एक तर दहाच्या आत निघा, नाहीतर चारनंतर. मधला वेळ फुकटात घालवायचा तर जहांगीर कलादालन अकराला उघडतं आणि प्रवेशाला पैसे नाहीत. पश्चिम रेल्वेवरही रविवारी जम्बो ब्लॉक असू शकतो, तेव्हा दादरमार्गे परतण्याआधी दोन्हींची सूचना बघा. आणि बसायला जागा हवी असेल तर दादरला न चढता सीएसएमटीलाच चढा. कर्जत, बदलापूर किंवा अंबरनाथ, फलाटावर लागलेली पहिली गाडी घ्या.