पगार असला तरी मोफत वकील मिळतो का?

प्रश्न : नवरा मारहाण करतो, घराबाहेर काढण्याची धमकी देतो. घर त्याच्या नावावर आहे. मी नोकरी करते, पण पगार तोच काढून घेतो. मला मोफत वकील मिळेल का?

उत्तर : हो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी तुमचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. संरक्षणाचा आणि खर्चाचा अंतरिम आदेश मागता येतो. घर नवऱ्याच्या नावावर असले, तरी कायदेशीर प्रक्रियेशिवाय तो तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. दवाखान्याचे कागद, फोटो, मेसेज जपा. जिवाला धोका वाटला, तर आधी ११२ लावा.