बारावी पिढी की चौदावी?

प्रश्न : विंडोज ११ आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणालींसाठी संगणक जुळवून घेत आहे. इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर घ्यावा की चौदाव्या?

उत्तर : नव्याचा मोह स्वाभाविक असला, तरी २०२१ ची बारावी, २०२२ ची तेरावी व २०२३ ची चौदावी या तिन्ही पिढ्या एलजीए १७०० या एकाच सॉकेटवर बसतात आणि चौदावी ही बव्हंशी तेराव्या पिढीचीच किंचित वेगवान आवृत्ती आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. विंडोज ११ ला या तिन्ही मान्य आहेत. लिनक्सचे कर्नेल मात्र अलीकडचे असावे, कारण मोठ्या व काटकसरी कोअरांत कामाची वाटणी करण्याची तजवीज त्यात क्रमाक्रमाने सुधारत गेली आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजमुळे अस्थैर्य उद्भवते, हे २०२४ मध्ये इंटेलने कबूल करून सुधारित मायक्रोकोड दिला व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा चौदावीच घेतल्यास बायोस अद्ययावत करणे अपरिहार्य समजावे.

व्हिडिओ-संपादनासारखे अवजड काम नसेल, तर माझा कौल बाराव्या पिढीला आहे. वाचलेल्या रकमेतून दुसरी एसएसडी घ्यावी, म्हणजे दोन्ही प्रणाली स्वतंत्र बिऱ्हाडे करून सुखाने नांदतील.