आमच्याकडे सगळ्यांनाच आहे!

‘डॉक्टर, बीपी तर आमच्या घरात सगळ्यांनाच आहे.’ बाही वर सरकवता सरकवता हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. त्यात तक्रार नसते, उलट दिलासाच असतो.

म्हणणाऱ्याचं चुकत नाही, हीच पंचाईत आहे. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे देशभराचे आकडे आले. वीस वर्षांवरच्या १ लाख १३ हजार लोकांच्या तपासण्या त्यात होत्या. रक्तदाब वाढलेले ३५.५ टक्के, पोट सुटलेले ३९.५, मधुमेही ११.४ आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १५.३. मधुमेहात गोवा २६.४ टक्क्यांसह सगळ्या राज्यांच्या पुढे. रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड असणारे तर ८१.२ टक्के! हा आकडा वाचून धसका घेऊ नका. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी असलेलेही त्यात मोजले आहेत, आणि आपल्याकडे ते बहुतेकांचं कमीच भरतं.

पण दुखत काहीच नाही. दाढ ठणकली की माणूस रात्रीत डॉक्टर शोधतो. १६०चा रक्तदाब मात्र वर्षानुवर्षं मुकाट सोसतो. तोवर हृदय, मूत्रपिंड, डोळे झिजत राहतात. त्यात तंबाखूची भर. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असं सांगणाऱ्याच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असते, आणि आजींची मशेरी कुणी व्यसनात धरतच नाही. दोन्हींतलं निकोटीन रक्तातच उतरतं.

पोट मोजायचं तर पँटच्या नंबरावर जाऊ नका; आपण ती पोटाखाली बांधतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही मर्यादा.

रक्तदाब जिना चढून आल्याआल्या मोजू नका. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून गप्प बसा, हात छातीच्या पातळीवर ठेवा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर आकडे कागदावर लिहून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून मध्येच सोडलेल्या गोळ्यांचं पाकीटही सोबत न्या. ते नॉर्मल त्या गोळीनंच आणलं होतं.