मुरमाड पोयट्याची जमीन : तिचा स्वभाव व तिची राखण

धाराशिव जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. ह्या पठारावरून तेरणेच्या किंवा बोरीच्या खोऱ्यांत उतरूं लागलें म्हणजे एकाच शिवारांत निरनिराळ्या जमिनी दृष्टीस पडतात. वर उघड्या खडकाचा माळ, खालीं नदीकांठीं खोल काळी, आणि ह्या दोहोंच्यामध्यें उतारावर व पायथ्याशीं खडेमिश्रित, तांबूस-करड्या रंगाची, हातास भुसभुशीत लागणारी जमीन. हिला आपले लोक मुरमाड, बरड किंवा नुसतें हलकें रान म्हणतात. तिच्यांत खड्यांच्या जोडीस पोयट्याची चांगली मातीहि असते, म्हणून ह्या पाठांत आम्हीं तिला मुरमाड पोयटा असें म्हटलें आहे.

काळ्या रानाची थोरवी सर्वांस ठाऊक आहे. परंतु ह्या मधल्या जमिनीचा स्वभाव ओळखून वागणारे थोडे. वास्तविक लहान शेतकऱ्याच्या वांट्यास बहुधा हीच जमीन येते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या पुढारपणाखालीं १९६४-६५ सालीं भूमिहीनांनीं जो मोठा सत्याग्रह केला, त्यांत पडीक व गायरान जमिनी कसावयास मिळाव्या ही एक मुख्य मागणी होती. आणि गायरान म्हटलें कीं तें पुष्कळदां असल्याच खडेमातीचें असतें. इतक्या कष्टानें हातीं आलेलें रान दहा-वीस पावसाळ्यांत खरडून जाऊं द्यावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न तें कसणाऱ्याच्याच हातीं आहे. ज्यांस हा पाठ लोकांपुढें वाचून दाखवावयाचा आहे त्यांनीं जवळच्या बरडांतली ओंजळभर माती समोर ठेवावी, म्हणजे पुढील गोष्टी डोळ्यांनीं पाहतां येतील.

१. ही जमीन झाली कशी?

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून तप्त रस थरावर थर वाहून आला व निवून त्याचा काळा पाषाण झाला. त्या पाषाणाचेंच आपलें पठार बनलें आहे. ऊन, पाणी व वनस्पतींच्या मुळ्या ह्यांच्या योगानें हा दगड कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें सुटत जातो. त्याचा प्रथम मुरूम होतो व मुरमाची हळूहळू माती होते. तींतील बारीक कण पावसाच्या पाण्याबरोबर खालीं उतरून नदीकांठची खोल काळी झाली. जड खडे व थोडी माती उतारावर राहिली, तीच ही जमीन होय. ह्यावरून वरचें रान व खालचें रान हीं एकाच दगडाचीं लेंकरें आहेत हें ध्यानांत येईल.

असल्या जमिनी आपल्याकडेच आहेत असें नाहीं. हिमालयांतील लाहौल, स्पीती व लडाख ह्या थंड खोऱ्यांतहि कड्यांच्या पायथ्याशीं खडेमिश्रित पोयटा सांपडतो. तेथें दगड फोडण्याचें बरेंच काम थंडी करिते. भेगांत शिरलेलें पाणी गोठतांना सुमारें ९ टक्क्यांनीं फुगतें व पाचरीसारखें दगड फोडतें. त्या थंडीमुळें पालापाचोळा फार सावकाश कुजतो. आपल्याकडे उष्णतेमुळें तो इतक्या लवकर विरून जातो कीं, घातलेलें शेणखत दोन-तीन वर्षांत दिसेनासें होतें. मात्र एक धर्म दोन्हीकडे सारखाच आहे: खड्यांच्या मातींत पाणी लवकर शिरतें आणि तिच्यांत फार दिवस टिकत नाहीं. म्हणून तिकडील शेतकरी बर्फाचें वितळलेलें पाणी 'कूल' नांवाच्या लहान पाटांनीं आणून जव, वाटाणा व बटाटा ह्या पिकांस पुनःपुन्हां देतो. आपल्याजवळ बर्फ नाहीं. आपणांस पावसाचाच जमाखर्च मांडला पाहिजे.

२. ओळखावी कशी?

प्रथम शेतांत तीन-चार ठिकाणीं हातभर खोल खड्डा घेऊन कठीण मुरूम किती खोलीवर लागतो तें पाहावें. एक वीत लागला तर ती उथळ, दीड-दोन वीत लागला तर मध्यम समजावी. नंतर खड्ड्यांतील माती वाळवून ढेंकळें फोडावीं व सुमारें २ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीनें चाळावीं. वर राहील तो खडा. खालीं पडेल ती खरी माती. ती कांचेच्या बाटलींत पाणी घालून खूप हालवावी व ठेवून द्यावी. रेती मिनिटाभरांत तळाशीं बसते, तिच्यावर कांहीं तासांत गाळ बसतो, आणि चिकणमातीनें पाणी दिवसभर गढूळ राहतें. रेती व गाळ जवळजवळ सारखे आणि चिकणमाती सुमारें पांचवा हिस्सा असेल तर तो उत्तम पोयटा होय.

येथें एक गोष्ट विशेष लक्ष्यांत ठेवावी. माती तपासणाऱ्या शाळेंत चाळणीखालच्या मातीचीच परीक्षा होते. खडे आधींच बाजूस काढले जातात. २०१५ सालापासून शेतकऱ्यांस ज्या मृदा आरोग्य पत्रिका मिळूं लागल्या, त्यांतील आंकडे ह्याच बारीक मातीचे असतात. शेतांत अर्धे खडे असतील तर पत्रिकेंत 'मध्यम' दिसणारें अन्नद्रव्य प्रत्यक्षांत पिकाच्या वांट्यास निम्मेंच येतें. म्हणून नमुना देतांना खड्यांचें प्रमाणहि सांगावें आणि सल्ला मागावा.

३. पाण्याचा हिशेब

चांगल्या पोयट्याच्या ३० सेंटिमीटर थरांत पिकास घेतां येईल असें पाणी सुमारें ४५ मिलिमीटर राहतें. त्या थरांत आकारमानानें अर्धे खडे असतील तर तेंच पाणी २२ मिलिमीटरांवर येतें. भरांत आलेलें पीक दररोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी ओढतें. तेव्हां पाऊस थांबल्यावर ह्या रानांतील सांठा पांच दिवसांत संपत येतो. उलट, मीटरभर खोल काळींत सुमारें २०० मिलिमीटर पाणी मावतें. तें महिन्याहून अधिक पुरतें. शेजारीं शेजारीं असलेल्या दोन रानांपैकीं एकांत पीक माना टाकतें आणि दुसऱ्यांत हिरवें राहतें, ह्याचें कारण हेंच आहे.

ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यांत फुलावर आलेल्या सोयाबीनची हलक्या रानांत जी दशा झाली ती पुष्कळांनीं पाहिली आहे. काळ्या रानाचें पाहून बरडांत तेंच पीक सर्वत्र पेरणें म्हणजे पांच दिवसांच्या शिदोरीवर महिन्याच्या प्रवासास निघणें होय.

४. खडे वैरी कीं मित्र?

सर्व खडे वेंचून काढले म्हणजे रान सुधारलें, अशी समजूत आहे. ती पुरती खरी नाहीं. पृष्ठभागावर सुटे पडलेले लहान खडे पावसाच्या थेंबाचा मार स्वतः सोसतात, धांवत्या पाण्याचा वेग मोडतात आणि उन्हांत खालची ओल झांकून ठेवितात. ते अजिबात काढले तर पहिल्याच वळवानें माती वाहूं लागते. म्हणून पाभरीस किंवा कोळप्यास आडवे येणारे मोठे गोटे तेवढे काढावे, बारीक खडा राहूं द्यावा. काढलेले गोटे शेताच्या कोपऱ्यांत ढीग करून ठेवण्यापेक्षां उतारास आडवी ताल रचण्यास वापरावे. ताल पाण्याच्या एका पातळींत असावी. तिच्यामागें पाणी थांबून गाळ बसतो व पांच-सात वर्षांत तेथें जमिनीची जाडी वाढलेली दिसते.

५. पीक व खत

उथळ बरडांत बाजरी, मटकी, हुलगा हीं थोड्या दिवसांचीं व काटक पिकें घ्यावीं. मध्यम खोलीच्या रानांत सोयाबीन पेरावयाचेंच असेल तर चार ओळींमागें दोन ओळी तुरीच्या असाव्या. तुरीची मुळी मुरमाच्या भेगांतून खोल जाऊन ओल शोधते, आणि एक पीक बुडालें तरी दुसरें हातीं लागतें. अगदींच उथळ भाग नांगरूं नये. तेथें सीताफळ, बोर व गवत राखावें. त्यावर उस्मानाबादी शेळी पोसली जाते व मातीहि जाग्यावर राहते.

ह्या जमिनींत चिकणमाती थोडी म्हणून अन्नद्रव्य धरून ठेवण्याची शक्तिहि थोडी. एकदम टाकलेलें नत्र पहिल्या मोठ्या पावसांत मुळ्यांच्या खालीं धुपून जातें. तेंच दोन-तीन हप्त्यांनीं दिलें तर पिकाच्या उपयोगीं पडतें. ज्यांच्याजवळ विहीर आहे त्यांनीं पाणीहि थोडें थोडें व वारंवार द्यावें. ठिबकाची योजना ह्याच जमिनीस फार मानवते. तलावांतील गाळ घालणें हाहि उत्तम उपाय होय. २०१७ पासून सरकारनें गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना चालविली तिचा लाभ ह्याच रानांस अधिक होतो. मात्र गाळ वरच्यावर पसरून न ठेवितां कुळवानें मातींत मिसळावा, आणि तो खारवट किंवा चोपण नाहीं ह्याची आधीं खात्री करून घ्यावी.

६. माती राखणें

एका एकरावरून केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर गेला तर सुमारें ५ टन माती जाते. खडे जात नाहींत. जाते ती चाळणीखालची माती. ह्यामुळें दरवर्षीं रानांत 'खडे वाढले' असें वाटतें. खडे वाढत नसतात, माती उणी होत असते. सप्टेंबर २०२५ मध्यें भूम व परांडा ह्या तालुक्यांत जी अतिवृष्टि झाली तिनें शेतेंच्या शेतें खरडून नेलीं. जी माती होण्यास शतकें लागलीं ती रात्रींतून गेली. एवढ्या पुरास एकट्याचा बांध पुरा पडत नाहीं हें खरें. परंतु दरसालच्या साध्या पावसानें जी चोरी होते ती थांबविणें आपल्या हातीं आहे.

ह्याकरितां नांगरट, कुळवणी व पेरणी उतारास आडवी करावी; शेताच्या माथ्यावरील माळास समपातळींत चर खणावे; बांधास दगडी सांडवा ठेवावा. हीं कामें एकट्यानें करण्यापेक्षां वरच्या व खालच्या शेतकऱ्यांनीं मिळून करावीं. बरडांतील मुरमांत मुरलेलें पाणीच पुढें खालच्या रानांतील विहिरींस पाझरतें. वरच्याची माती राहिली तर खालच्याचें पाणी राहतें. म्हणून खालच्यानें वरच्याच्या तालीस दोन दिवस हात लावला तर तो उपकार नसून स्वतःच्या विहिरीचीच डागडुजी होय.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. आपल्या शेतांत मुरूम किती खोलीवर लागतो? तीन ठिकाणीं पाहून सांगा.
२. चाळणीवर खडे किती व खालीं माती किती राहिली?
३. पाऊस थांबल्यावर त्या रानांतील ओल किती दिवस पुरेल? वरील रीतीनें हिशेब करा.
४. बारीक खडे सर्वच कां काढूं नयेत?
५. आपल्या शेताच्या वर कोणाचें रान आहे व खालीं कोणाचें? येत्या पावसाळ्यापूर्वीं त्या दोघांबरोबर कोणतें एक काम करितां येईल?